गाडीआधी झोळी, झोळीआधी फरशी

प्रश्न : आमचा कुत्रा बंड्या सात वर्षांचा आहे. तो आमच्या गल्लीतच जन्मला आणि पिल्लू असतानाच घरात आला. त्याचे वजन २१ किलो आहे. चार महिन्यांपूर्वी पौड रस्त्यावर त्याला मोटारीची धडक बसली, पाठीचा मणका दुखावला आणि मागचे दोन्ही पाय लुळे पडले. हाड जुळले आहे, यापुढे मागच्या भागाला आधार देणारी चाकांची गाडी वापरा, असे डॉक्टरांनी सांगितले. पण इंटरनेटवर गाड्यांचे इतके प्रकार आणि अशा किमती दिसतात की मी गोंधळून गेले आहे. तो पुढच्या पायांवर घरभर फरफटत फिरतो, त्यामुळे मागच्या पंजांवर जखमा झाल्या आहेत. मी ६१ वर्षांची आहे, यजमानांना पाठीचा त्रास आहे, घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टमधून त्याला नेण्यास सोसायटीतील एका सभासदांची हरकत आहे. नातेवाईक म्हणतात, ‘त्याला एकदाचे सोडवा.’ गाडी कोणती घ्यावी, पुण्यात कुठे मिळेल आणि बंड्याला पुन्हा टेकडीवर नेता येईल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण गाडीबद्दल सविस्तर विचारले आहे आणि पंजांवरच्या जखमांचा उल्लेख एका वाक्यात केला आहे. मी मात्र त्या वाक्यापासूनच सुरुवात करणार आहे. मागचे पाय गेलेला कुत्रा चाकांच्या गाडीत दिवसाकाठी, दोन-तीन फेऱ्या मिळून, साधारण तासभर असतो. गाडीत त्याला बसता येत नाही, आडवे होता येत नाही आणि झोपताही येत नाही. उरलेले तेवीस तास तो आपल्या घरातील फरशीवर आणि अंथरुणावर काढतो. ते तेवीस तास नीट लागले नाहीत, तर पंजांच्या जखमा चिघळतात, आणि मग उत्तम मापाची गाडी घरात असूनही कुत्र्याला तिच्यात घालता येत नाही. म्हणून गाडीची मागणी नोंदवण्याची घाई करू नये. त्याआधीचे दोन आठवडे घराकडे द्यावेत.

आपल्याकडे बहुतेक सदनिकांमध्ये असतात तशा गुळगुळीत टाइल असतील, तर बंड्याचे पुढचे पायही घसरत असणार. सगळा भार आता त्या दोन पायांवर असल्यामुळे त्यांचे सांधे आणि खांदे जपणे हे मागच्या पायांच्या काळजीइतकेच महत्त्वाचे आहे. त्याच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत आणि गॅलरीपर्यंत असा त्याचा रोजचा रस्ता ठरवून तेवढ्या भागात सतरंज्या अंथराव्यात आणि त्या सरकू नयेत म्हणून खाली रबरी जाळीचे मॅटिंग घालावे. व्यायामासाठी वापरतात त्या योगा मॅटही चालतात. पुढच्या पायांची नखे वेळच्या वेळी कापावीत आणि पंजाखालच्या मऊ गाद्यांमधले केस वाढले असतील तर तेही कातरावेत, कारण केसांवरून पाय अधिक घसरतो.

मागच्या भागासाठी छत्रीच्या किंवा रेनकोटच्या कापडाची एक सैल पिशवी शिवून घ्यावी. कमरेपासून खालचा भाग आणि दोन्ही पाय तिच्यात जातात, आणि ती सरकू नये म्हणून पाठीवरून एक पट्टा पुढे नेऊन छातीच्या पट्ट्याला जोडतात. हे कापड सतरंजीवरूनही सहज सरकते, त्यामुळे कातडी घासली जात नाही. मात्र ही पिशवी दिवसभर चढवून ठेवू नये. दर दोन तासांनी काढावी, आत ओल आहे का ते पाहावे आणि कातडीला वारा लागू द्यावा. लहान मुलांचे मोजे घालून पाहण्याचा मोह प्रत्येकाला होतो. ते दहा मिनिटांत निघून जातात, आणि निघू नयेत म्हणून दोरा किंवा रबर बांधले तर पंजाचा रक्तपुरवठा अडतो. बंड्याला त्या पायांत जाणीव नसेल तर तो ओरडून सांगणारही नाही, म्हणून तसे कदापि करू नये. सध्या ज्या जखमा आहेत त्या डॉक्टरांना दाखवून पूर्ण भरून घ्याव्यात. त्याच भेटीत वेदनाशामक औषधाचेही विचारून घ्यावे. घरातील आपल्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन असलेल्या, कुत्र्यांना विषारी ठरतात.

झोपण्यासाठी जाड फोमची गादी घ्यावी, तिला धुता येईल असे रेक्झिनचे आवरण असावे आणि वर सुती चादर असावी. तीन-चार तासांनी त्याची कूस बदलावी. खुब्याचे हाड, मागच्या पायाची टाच आणि पुढच्या पायाच्या कोपराची बाहेरची बाजू या जागा रोज बोटांनी चाचपाव्यात. केस विरळ होणे आणि कातडी लाल दिसणे ही शय्याव्रणाची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असते, आणि त्या टप्प्यावर ते थांबवणे सोपे असते. पावसाळ्यात एक धोका वाढतो. लघवीने ओल्या राहिलेल्या केसांवर आणि लहानशा जखमेवर माश्या अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत तिथे अळ्या पडतात. ज्याला मागे वळून स्वतःला चाटता येत नाही, त्या कुत्र्याच्या बाबतीत हे फार झपाट्याने घडते. शेपटीखालचे आणि मांड्यांवरचे केस बारीक ठेवणे, दिवसातून दोनदा कोमट पाण्याने पुसून कोरडे करणे आणि गॅलरीच्या दाराला जाळी लावणे, एवढ्याने बराचसा धोका टळतो.

लघवीबद्दल आपण काही लिहिलेले नाही, म्हणून मला विचारावेसे वाटते. मणक्याला मार लागलेल्या अनेक कुत्र्यांचे मूत्राशय आपोआप पूर्ण रिकामे होत नाही. चादरीवर थेंब सांडलेले दिसतात, त्यावरून घरच्यांना वाटते की त्याला लघवी होते आहे. प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरून वरचे तेवढे गळत असते. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो. पोटावर दोन्ही हातांनी हळुवार दाब देऊन मूत्राशय रिकामे करण्याची एक पद्धत आहे आणि ती दिवसातून तीन-चार वेळा करावी लागते. वाचून किंवा चित्रफीत पाहून ती शिकू नये. डॉक्टरांनी आपले हात बंड्याच्या पोटावर ठेवून, नेमके काय लागते आणि किती दाब द्यायचा, हे दाखवले पाहिजे, आणि त्यांच्यासमोर आपल्याला दोनदा तरी जमले पाहिजे. वास उग्र झाला, लघवी गढूळ किंवा लालसर दिसली किंवा बंड्याने खाणे टाकले, तर त्याच दिवशी तपासणी करावी.

याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारावी, कारण साधन कोणते घ्यायचे हे तिच्यावर अवलंबून आहे : मागच्या पायांत खोलवरच्या वेदनेची जाणीव आहे का? बोटाला चिमटा लावल्यावर पाय आखडला म्हणजे जाणीव आहे, असे आपल्याला वाटते. परंतु पाय आखडणे ही मज्जारज्जूच्या खालच्या भागातून होणारी प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते आणि ती मेंदूपर्यंत काहीही न पोहोचता होते. कुत्र्याने मान वळवून पाहिले, तो कळवळला किंवा चावायला धावला, तरच वेदना वर पोहोचली असे म्हणता येते. जाणीव असेल तर फिजिओथेरपीने आणि पाण्यातील व्यायामाने काही ताकद परत येण्याची आशा बरीच जास्त असते, आणि मग पाय जमिनीला टेकून हलवता येतील अशी गाडी लागते. जाणीव नसेल तर पाय उचलून धरणारी गाडी लागते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असल्यास औंधला शासकीय पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, आणि मुंबईला जाणे शक्य असेल तर परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जे १८८६ पासून चालू आहे. मणक्याचे जुने एक्स-रे सोबत न्यावेत.

आता झोळी, म्हणजे पोटाखालून घालून मागचा भाग उचलून धरायचे कापड. गाडी आली तरी लिफ्टपर्यंत, पायऱ्यांवर आणि शी-शूसाठी आपल्याला रोज झोळीच लागणार आहे, आणि माझ्या मते मागचे पाय गेलेल्या कुत्र्याच्या घरात तिच्याइतके उपयोगी दुसरे साधन नाही. आजपासून सुरुवात करायची तर आंघोळीचा मोठा जाड टॉवेल लांबट घडी करून मांड्यांच्या अगदी पुढे, पोटाखालून घ्यावा आणि दोन्ही टोके वर एकत्र धरावीत. कायमची झोळी शिवताना आतून मऊ अस्तर, बाहेरून जाड कापड आणि हाताला धरायला नवारीचे पट्टे असावेत. बॅगा दुरुस्त करणारे कारागीर हे काम उत्तम करतात आणि बक्कलही त्यांच्याकडेच मिळते. बंड्या नर असल्यामुळे लघवीची जागा मोकळी राहील असा काप खालच्या बाजूला ठेवण्यास सांगावे. हे विसरले तर झोळी पहिल्याच दिवशी भिजते. पट्ट्यांची लांबी आपल्या उंचीवरून ठरवावी. आपण ताठ उभ्या राहिल्यावर हात सरळ खाली सोडलेला असताना झोळी बंड्याच्या पोटाला टेकली पाहिजे, म्हणजे आपल्याला वाकावे लागणार नाही. २१ किलो कसे उचलणार, ही चिंता मनात असेल तर एक गोष्ट सांगते : कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार एरवीही पुढच्या पायांवरच असतो, म्हणजे आपल्या हातात आठ-साडेआठ किलोच येतात. एवढे वजन दारापासून लिफ्टपर्यंत नेणे आपल्याला जमावे. यजमानांनी मात्र हे करू नये.

गाडीकडे येते. माझी जर्मन शेफर्ड राणी नऊ वर्षांची झाल्यावर तिचे मागचे पाय हळूहळू गेले. तो मज्जारज्जूचा झिजत जाणारा आजार होता; या जातीत तो बऱ्याचदा दिसतो आणि त्यात वेदना नसतात. सुरुवातीला पंजे मुडपत असताना बुटांवर भागले, पुढे गाडी मागवावी लागली. मी तिची जात आणि वजन कळवून गाडी मागवली, मापे घेतली नाहीत. गाडी मागून दोन बोटे उंच निघाली. राणी चालत होती, आम्ही आनंदात होतो, आणि आठव्या दिवशी तिच्या काखांमध्ये पट्ट्याने सोललेली कातडी मला दिसली. मागचा भाग उंच राहिल्यामुळे सगळे वजन पुढे कलंडून खांद्यांवर येत होते. ती जखम भरायला तीन आठवडे लागले आणि त्यानंतर गाडी पाहिली की राणी मान फिरवू लागली. ही चूक माझी होती आणि ती आपल्याकडून होऊ नये, म्हणून मापांबद्दल जरा विस्ताराने लिहिते.

मापे घ्यायला दोन माणसे लागतात. एकाने झोळीने बंड्याचा मागचा भाग असा उचलून धरावा की पाठ जमिनीला समांतर राहील, आणि मागचे पाय उभ्या कुत्र्याचे असतात तसे किंचित दुमडलेले असावेत. ते ओढून सरळ करू नयेत. मग दुसऱ्याने जांघेच्या घडीपासून जमिनीपर्यंतची उंची, कमरेची आणि बरगड्यांची सर्वांत जास्त रुंदी, खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, काखेमागचा छातीचा घेर आणि त्या दिवशीचे वजन अशी मापे घ्यावीत. ती सेंटिमीटरमध्ये लिहावीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावीत आणि दोन्ही दिवसांची मापे जुळली तरच कळवावीत. चार महिने हालचाल कमी झाल्यामुळे बंड्याचे वजन वाढले असल्यास ते आधी उतरवावे, कारण प्रत्येक जास्तीचा किलो त्याच्या पुढच्या पायांवर येतो.

बंड्याचे पुढचे पाय मजबूत असतील, तर मागे दोन चाके असलेली गाडी पुरेशी आहे. चार चाकांची गाडी पुढचे पायही दुबळे झालेल्या कुत्र्यांसाठी असते. ती जड असते आणि वळायला अवघड जाते. गाडी घातल्यावर बाजूने पाहावे : पाठीची रेषा सरळ हवी, मागे उंचही नको आणि झुकलेलीही नको. मग पुढच्या दांड्याखाली दोन बोटे घालून गाडी हलकेच उचलून पाहावी. चाके योग्य जागी असतील तर तिथे अगदी थोडे वजन लागते. जास्त लागत असेल तर चाकांचा आस थोडा पुढे घ्यावा लागतो. म्हणून आस मागे-पुढे सरकवता येतो आणि उंची-रुंदी कमी-जास्त करता येते अशीच गाडी घ्यावी, मग ती कितीही साधी दिसो. मांड्यांखालचा आधार मऊ आणि धुता येण्याजोगा असावा. पायांत जाणीव नसेल तर पंजे टांगून ठेवण्यासाठी मागे पट्ट्या लागतात. चाके मात्र मोठी हवीत. आपल्या पदपथांवरील पेव्हर ब्लॉकच्या फटींत बारीक चाक अडकते आणि गाडी कलंडते.

पुण्यात कुठे, हा आपला प्रश्न. अशा गाड्या मापाप्रमाणे बनवणारे कारागीर आणि छोटे उद्योग आता आपल्या देशातच आहेत, त्यामुळे परदेशी किमती पाहून घाबरण्याचे कारण नाही. मागणी देण्याआधी त्यांना एवढे विचारावे की माप चुकल्यास गाडी बदलून किंवा सुधारून देणार का, आणि वापरत्या कुत्र्याची बाजूने काढलेली चित्रफीत पाठवाल का. आपल्या डॉक्टरांकडे आणि भटक्या प्राण्यांना सांभाळणाऱ्या संस्थांकडे वापरलेल्या गाड्यांची चौकशीही अवश्य करावी. ज्यांचा कुत्रा गेला, त्यांच्याकडे गाडी माळ्यावर पडून असते आणि कोणी मागितली तर ते ती मनापासून देतात. राणीची गाडी मी तशीच एका कुटुंबाला दिली.

घरी बनवायची असेल तर पुण्यासारखे शहर नाही. रविवार पेठेतील बोहरी आळीत एक इंची पीव्हीसी पाईप आणि ते जोडण्याचे एल्बो व टी हे तुकडे मिळतात, तसेच एसीच्या नळ्यांवर घालतात त्या काळ्या फोमच्या नळ्याही मिळतात. त्या पाईपवर चढवल्या की कातडीला टोचत नाही. लहान मुलांच्या सायकलीची चाके नाना पेठेत मिळतील. मात्र पाईप लगेच चिकटवू नयेत. आधी नुसते जोडून, बंड्याला उभे करून, पाठीची रेषा पाहून, हवे तसे कापून घ्यावेत आणि चार-पाच दिवस चालवून पाहिल्यावरच पाईप चिकटवण्याचे पीव्हीसी सिमेंट लावावे. २१ किलोच्या कुत्र्यासाठी पीव्हीसी हा माझ्या मते चाचणीचा नमुना आहे. त्यावरून मापे पक्की झाली की फॅब्रिकेशनवाल्याकडून तीच ॲल्युमिनिअममध्ये करून घ्यावी.

पहिल्या दिवशी गाडीत घातल्यावर बंड्या बहुधा दगडासारखा उभा राहील. त्याला ढकलू नये. समोर दोन पावलांवर उकडलेल्या चिकनचा तुकडा धरावा, तो पुढे आला की द्यावा आणि पाच मिनिटांत गाडी काढावी. रोज थोडा वेळ वाढवत पंधरा-वीस मिनिटांपर्यंत न्यावे. गाडी काढल्यावर दर वेळी काखा, छाती आणि जांघा पाहाव्यात. गाडीत घालण्यापूर्वी मूत्राशय रिकामे केलेले असावे. शी मात्र चालताना आपोआप होते, त्यामुळे कागद जवळ असू द्यावा. गाडीत असताना त्याला एक क्षणही एकटे सोडू नये, कारण दाराच्या चौकटीत चाक अडकले किंवा गाडी उलटली तर त्याला स्वतःला सोडवता येत नाही.

लिफ्टबद्दल : भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरण्यास सोसायटीने मनाई करू नये. त्या सूचनांची छापील प्रत सोसायटीच्या सचिवांना द्यावी. परंतु त्याआधी एकदा त्या सभासदांना घरी चहाला बोलावून बंड्याची झोळी दाखवावी, असे मी सुचवेन. लघवी सांडण्याची भीती हे हरकतीचे खरे कारण असू शकते, आणि लिफ्टपुरता डायपर बांधण्याचे आपण कबूल केले तर ती भीती उरत नाही.

‘त्याला सोडवा’ म्हणणाऱ्या नातेवाइकांवर रागावू नये. त्यांना तो फरफटताना दिसतो आणि ते पाहवत नाही. पण पाय नसणे आणि यातना असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंड्या जेवतो का, दाराची बेल वाजली की कान टवकारतो का, आपण घरी आल्यावर पुढे सरकत येतो का, रात्री शांत झोपतो का, हे आपण एका वहीत महिनाभर रोज लिहावे. वेदना आटोक्यात येत नसतील, जखमा आणि संसर्ग पुन्हा पुन्हा होत असतील आणि त्याने माणसांतले लक्ष काढून घेतले असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांशी बोलावे. तेव्हा घेतलेला निर्णयही त्याच्यावरील मायेचाच असेल. आपली प्रकृती आणि झोप यांचीही नोंद त्याच वहीत करावी. पण आपण लिहिता की तो घरभर फिरतो. जो कुत्रा पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत आपल्या मागे स्वयंपाकघरात येतो, त्याला कुठेतरी जायचे आहे, असे मला वाटते.

टेकडीबद्दल सांगते. दगडगोट्यांच्या पायवाटेवर आणि तिरप्या उतारावर ही गाडी नेऊ नये, ती एका बाजूला कलंडते. पहिला महिना आपल्या इमारतीचे पार्किंग आणि समोरची गल्ली एवढेच ठेवावे. त्यानंतर रिक्षाने टेकडीच्या पायथ्याशी न्यावे आणि डांबरी रस्त्याचा सपाट तुकडा पाहून तिथे गाडी जोडावी. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, डांबर तापण्यापूर्वी. वाटेत त्याला मातीचा किंवा गवताचा वास घ्यायला थांबायचे असेल तर थांबू द्यावे, आणि दमला की गाडी सोडून झोळीवर घ्यावे. झोळी आणि पाण्याची बाटली रिक्षात विसरू नये.